आधी तारखा, मग बॅगा: कोल्हापुरातून जपानला निघताना

जपानला जायचं ठरलं की घरात पहिला विषय निघतो बॅगांचा. माळ्यावरची मोठी बॅग खाली येते, तिची चाकं फिरवून बघतात, स्वेटर किती घ्यायचे यावर चर्चा रंगते. माझं ऐकाल तर बॅग राहू द्या माळ्यावरच. आधी भिंतीवरचं कालनिर्णय टेबलावर घ्या आणि घरातल्या एकेकाला विचारा, तिथे जाऊन तुला नेमकं काय बघायचंय? आमच्याकडे दिवाळीनंतरचा बेत आहे. भाच्याला निंटेंडोचे व्हिडिओ गेम आणि अॅनिमे म्हणजे जपानी कार्टूनपट, दाजींना जुना कॅमेरा, ताईला डोरेमॉन (लेकाला जेवू घालताना तिनेही वर्षानुवर्षं तोच बघितलाय) आणि आईला क्योटोची देवळं, मेपलची पानं लाल झालेली असताना. ही वेडं आधी कागदावर आली पाहिजेत, कारण जपानमध्ये आवडीच्या बऱ्याच ठिकाणी जाऊन ऐनवेळी तिकीट काढता येत नाही.

निंटेंडो म्युझियम क्योटोजवळ उजी इथं 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. त्याची तिकिटं सोडतीनं मिळतात आणि अर्ज तीन महिने आधी भरावा लागतो. म्हणजे नोव्हेंबरात जायचं तर ऑगस्टमध्ये, गणपतीच्या गडबडीआधीच, निंटेंडोचं खातं उघडून अर्ज टाकलेला असला पाहिजे. घिबली या अॅनिमे बनवणाऱ्या स्टुडिओचं म्युझियम टोकियोजवळ मिताकात आहे. त्याच्या पुढच्या महिन्याच्या तिकिटांची विक्री दर 10 तारखेला जपानमध्ये सकाळी दहाला सुरू होते. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणून कोल्हापुरात पहाटे साडेसहाला फोन हातात घेऊन बसायचं. भाचा म्हणाला, "मामा, गजर मी लावतो, तुम्ही कार्ड तयार ठेवा." कामाची अशी वाटणी झाली की बरं असतं. कावासाकीत डोरेमॉनच्या निर्मात्यांचं म्युझियम आहे, तिथंही तारीख आणि वेळ ठरवूनच प्रवेश मिळतो. आणि मुलांना एक गोष्ट घरूनच सांगून न्या: घिबली म्युझियमच्या आत फोटो काढू देत नाहीत. तिथं डोळ्यांनी बघायचं.

या तारखा पक्क्या झाल्या की त्यांच्याभोवती विमान, हॉटेल आणि व्हिसा बसवा. व्हिसाच्या अर्जात रोज कुठे असणार याचा तक्ता मागतात, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही. सोबत बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र लागतं. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर ते काम सगळ्यात आधी उरका; पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र कोल्हापुरातच असल्यामुळे पुण्याला खेप पडत नाही.

आता फोन. जपानच्या प्रवासात फोन हे कागदपत्र आहे असंच धरून चाला. पर्यटकांना आता ई-व्हिसा मिळतो आणि विमानतळावर तो इंटरनेट चालू असताना फोनच्या पडद्यावर उघडून दाखवावा लागतो. प्रिंट, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. आपल्याकडे सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या फाइलीत लावायची सवय चांगलीच आहे, ती सोडू नका. पण या एका कागदापुरती ती उपयोगाची नाही. म्हणून ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये उतरवायचं सिम, घरच्या वायफायवर आधीच भरून ठेवा. फोनला ई-सिम चालतं का हे बघायला *#06# दाबा. आयएमईआय क्रमांकांसोबत ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर चालतं. आपलं रोजचं सिम काढून ठेवू नका, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. परदेशात मेसेज येतील एवढं रोमिंग सुरू करून घ्या. व्हिजिट जपान वेब या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येकाची माहिती भरून तिथल्या विमानतळावरच्या तपासणीसाठी क्यूआर कोड तयार करा. भाषांतराच्या अॅपमध्ये जपानी भाषा उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही मेनूकार्डवर कॅमेरा धरून वाचता येतं. आईच्या फोनवर हे सगळं वेगळं करून द्या आणि तिच्याकडून दोनदा करवून घ्या. गर्दीच्या स्टेशनात चुकामूक झालीच तर तिला स्वतःला नकाशा उघडता यायला हवा.

विजेच्या बाबतीत मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण ऐकीव गोष्टी इथं फार पसरल्यात. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट असतात, जपानमध्ये 100. सॉकेटला दोन चपट्या पट्ट्यांचा प्लग लागतो, आपली गोल पिन त्यात जाणार नाही. घरातले सगळे चार्जर एका टेबलावर मांडा आणि चष्मा लावून प्रत्येकाच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. फोन, लॅपटॉप, कॅमेरा यांच्या चार्जरवर बहुतेक वेळा 'इनपुट 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' असं छापलेलं असतं. तसं असेल तर राजारामपुरीतल्या एखाद्या मोबाइलच्या दुकानात चपट्या पिनांचा साधा अॅडॅप्टर घ्या, काम झालं. व्होल्टेज बदलणारा जाडजूड कन्व्हर्टर घ्यायची गरज नाही. आणि ज्यावर नुसतं 230 व्होल्ट लिहिलंय ते घरीच ठेवा. पाणी तापवायची आपली 1500 वॅटची किटली तिथं लावली तर ती जळणार नाही, पण व्होल्टेज निम्म्याहून कमी झाल्यामुळे तिची ताकद जेमतेम पाचव्या भागावर येते. 300 वॅटसुद्धा मिळत नाहीत, आणि चहाच्या पाण्याला उकळी येईपर्यंत सकाळ निघून जाते. केस वाळवायच्या यंत्राचंही तेच. हॉटेलात या दोन्ही वस्तू बहुधा असतात.

हर्ट्झचा, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते त्या आकड्याचा, किस्सा मला फार आवडतो. टोकियोच्या बाजूला वीज 50 हर्ट्झची आणि ओसाका-क्योटोच्या बाजूला 60 ची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोनं जनित्रं जर्मनीतून आणली आणि ओसाकानं अमेरिकेतून, आणि एकाच देशात ती फाळणी आजवर राहिली. आपल्या चार्जरला दोन्ही चालतात, त्यामुळे काळजीचं कारण नाही. पण टोकियोहून क्योटोला जाताना वाटेत वीज बदलते हे मुलांना जरूर सांगा.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, ती जवळच्या बॅगेतच हवी. विमानात 100 वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक नेता येते. हिशेब सोपा आहे: 20,000 एमएएचला 3.7 व्होल्टनं गुणून हजारानं भागलं की 74 वॅट-अवर येतात. ज्या बँकेवरचे आकडे पुसले गेलेत ती नेऊच नका. 2025 च्या जुलैपासून जपानी विमान कंपन्या पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत, नजरेसमोर ठेवायला सांगतात. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्याही हाताशीच ठेवा, टोकांना चिकटपट्टी लावून.

पैशांचं थोडक्यात. आपली कार्डं परदेशातल्या वापरासाठी मुळात बंद असतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ती चालू करा आणि मर्यादाही ठरवून टाका. तिथल्या दुकानात यूपीआय चालेल असं धरून जाऊ नका. थोडे येन इथूनच घ्या, बाकीचे तिथल्या सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून निघतात. रेल्वे, बस आणि छोट्या खरेदीसाठी सुइका किंवा इकोका यांसारखं कार्ड घ्यायचं आणि त्यात रोख भरायची. जपानबाहेर विकल्या जाणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत हे कार्ड बसत नाही, कारण त्याला लागणारं फेलिका तंत्र त्यात सुरू नसतं. म्हणून प्लास्टिकचं कार्ड बरं. नाण्यांसाठी छोटं पाकीट न्या. 500 येनचं एक नाणंसुद्धा आपल्या हिशेबात मोठी रक्कम आहे.

सात दिवसांचा रेल्वे पास घ्याच, असं अजूनही बरेच जण सांगतात. तो सल्ला जुना झाला. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये पासची किंमत 29,650 येनवरून एकदम 50,000 वर गेली. टोकियो ते क्योटो शिंकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, तिकीट एका बाजूचं सुमारे 14,000 येन पडतं, तेव्हा नुसतं जाऊन यायचं असेल तर सुटी तिकिटंच परवडतात. आता कुठे बॅग माळ्यावरून उतरवा आणि शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन तिची लांबी, रुंदी, उंची मोजा, चाकं आणि मूठ धरून. बेरीज 160 सेंटिमीटरच्या वर गेली तर शिंकानसेनमध्ये मोठ्या सामानाची जागा आधी राखून ठेवावी लागते. आमची मोठी बॅग बसत नाही, म्हणून दोन मध्यम बॅगा न्यायचं ठरलंय. दुसरा मार्गही छान आहे: तिथल्या कुरिअरनं बॅग एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पाठवता येते, आणि टोकियोतून दिलेली बॅग क्योटोत साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते. आईला जिने चढताना हात मोकळे मिळतात, हा त्यातला मोठा फायदा.

खाण्याचं ऐका, कारण कोल्हापूरकर इथंच अडकतो. मटणाचं लोणचं नेऊ नका. कितीही सीलबंद असलं, कितीही पाहुण्यांनी मागितलं असलं तरी नाही. मांसाचे पदार्थ जपानमध्ये नेण्यावर कडक बंदी आहे आणि विमानतळावर श्वान बॅगा हुंगत फिरतात. ताजी फळं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्याही नकोत. भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट खुशाल घ्या. आई माळकरी आहे, आणि तिच्यासारख्यांना खरी अडचण येते ती दाशीची. भाजीच्या सुपात, नूडल्समध्ये, भाज्यांच्या रश्श्यातही माशाचा हा अर्क असतो आणि वरून तो कळत नाही. म्हणून 'मांस, मासे, अंडं, दाशी चालत नाही' असं जपानीत लिहिलेलं कार्ड छापून तिच्या पर्समध्ये ठेवतोय. टोकियोत निशिकासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे, एक संध्याकाळ तिकडे ठेवली तर तिला पोटभर जेवण मिळेल.

औषधांची पिशवी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या, जास्तीत जास्त महिनाभर पुरेल एवढीच. त्याहून जास्त हवी असतील तर जपान सरकारचं प्रमाणपत्र आधी मागवावं लागतं. सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं उलटून घटक वाचा. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण 10 टक्क्यांहून जास्त असलेली औषधं तिथं बंद आहेत, कोडीनवरही मर्यादा आहे. हे काम ओळखीच्या औषध दुकानदाराबरोबर बसून करा.

खरेदीबद्दल दाजी आणि भाचा दोघांनाही मी एकच सांगतो: घेण्याआधी भाषा आणि वॉरंटी विचारा. निंटेंडो स्विच 2 जपानमध्ये स्वस्त दिसतो, पण दुकानातली ती आवृत्ती फक्त जपानी भाषेत चालते आणि तिला जपानमधलंच खातं लागतं. भाच्यानं ते ऐकून यादीतून खोडलं आणि त्याऐवजी टोकियोतल्या अकिहाबारा आणि नाकानो ब्रॉडवेमधल्या जुन्या खेळण्यांसाठी पैसे राखले. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनांत तिथं असताना कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही, तेही माहीत असू द्या. वापरलेल्या कॅमेऱ्यांची दुकानं मात्र बघण्यासारखी आहेत. प्रत्येक वस्तूवर तिच्या अवस्थेचा दर्जा लिहिलेला असतो, ओरखडासुद्धा नोंदवलेला असतो. 'जंक' (म्हणजे मोडका माल) लिहिलेल्या खोक्यातलं काही घेतलं तर ते परत होत नाही. दाजी जुनी लेन्स शोधायला निघालेत याचं मला मनापासून कौतुक आहे. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास याच गावात कॅमेरा घडवला, खरी कॉर्नरला त्याचा स्तंभ उभा आहे. यंत्र उघडून समजून घ्यायची ही आवड कोल्हापूरला नवी नाही. आपला महागडा कॅमेरा नेणार असाल तर निघताना मुंबईत कस्टमकडून निर्यातीचं प्रमाणपत्र करून घ्या, परत येताना त्यावर शुल्काचा प्रश्न उठत नाही. आणि 2026 च्या 1 नोव्हेंबरपासून जपानमध्ये पर्यटकांना खरेदीवर मिळणाऱ्या करमाफीची पद्धत बदलते: दुकानात पूर्ण पैसे भरायचे आणि 10 टक्के कर जपानमधून निघताना परत घ्यायचा. म्हणजे खरेदीच्या वस्तू आणि पासपोर्ट हाताशी, विमानतळावर थोडा जास्त वेळ. पासपोर्ट तसाही परदेशी माणसानं तिथं कायम जवळ बाळगायचा कायदाच आहे.

कपड्यांचं फार नाही. क्योटोत नोव्हेंबरच्या शेवटी पहाटे पारा 10 अंशांखाली जातो, तेव्हा एकावर एक घालता येतील असे कपडे घ्या. देवळात, खोलीत, काही हॉटेलांतही जोडे काढावे लागतात, म्हणून चटकन निघणारे बूट आणि धड मोजे. कोल्हापुरी चप्पल भेट द्यायला न्या, दिवसभर चालायला नको. खिशात रुमाल आणि एक पिशवी असू द्या; रस्त्यात कचराकुंडी क्वचित दिसते, आपला कचरा आपल्याजवळ ठेवायचा. गरम पाण्याच्या सार्वजनिक कुंडांत गोंदण असलेल्यांना बऱ्याच ठिकाणी मज्जाव असतो. आईच्या हातावर तुळस आणि नाव गोंदलंय, तेवढं झाकणारी पट्टी बॅगेत टाकलीय.

मुंबईला जायला रात्रीची गाडी आणि विमान यांच्यात निदान अर्धा दिवस मोकळा ठेवा. पावसाळ्यात जाणार असाल तर पूर्ण दिवस. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. जपानमधले 110 पोलीस आणि 119 रुग्णवाहिका हे आकडे सगळ्यांच्या फोनमध्ये जतन करा. हॉटेलांचे पत्ते घरच्या ग्रुपवर टाका, आणि मागे राहणाऱ्यांना वेळेचा फरक समजावून सांगा: इथं रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा टोकियोत साडेबारा झालेले असतात. फोन करायचा तर आपल्या संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान.