दोन बॅटर सारखेच वाटतात? आधी पिचरचा हात बघा

फँटसी बेसबॉलमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवून त्यांच्या खेळावर गुण मिळवायच्या खेळात, जागा एक, बॅटर दोन, आणि आकड्यांत एकोणीस-वीसचाच फरक. अशा वेळी मी सीझनची सरासरी बाजूला ठेवते आणि या क्रमाने बघते:

1. समोरचा पिचर (बॉल टाकणारा) कुठल्या हाताचा? उजव्या पिचरसमोर डावखुरा बॅटर घ्यायचा, डाव्यासमोर उजवा. बहुतेक वेळा निर्णय इथेच होतो.

2. नाही झाला तर बॅटिंग ऑर्डर. सीझनच्या 162 सामन्यांत पहिल्या क्रमांकाच्या बॅटरला नवव्यापेक्षा शंभराहून जास्त वेळा बॅटिंग मिळते. म्हणून सातव्या नंबरवरचं मोठं नाव सोडून मी दुसऱ्या नंबरचा साधा खेळाडू बिनधास्त घेते.

3. मैदान. डेन्व्हरचं कूर्स फील्ड सुमारे 5,200 फूट उंचीवर आहे, तिथल्या विरळ हवेत बॉल लांब जातो.

मात्र हे ज्यांचं घरचं मैदान आहे त्या कोलोरॅडो रॉकीज संघाचा बॅटर सीझनभरासाठी घेताना बाहेरगावचे आकडे वेगळे काढून बघाच, घरचे फुगलेले असतात.

लाइनअप, म्हणजे त्या दिवशी कोण खेळणार त्याची यादी, सामन्याच्या काही तास आधीच येतं. न्यूयॉर्कचा उन्हाळ्यातला संध्याकाळी सातचा सामना म्हणजे भारतात पहाटे साडेचार, तेव्हा चारचा गजर लावून एकदा नजर टाका. बेंचवर बसलेला बॅटर शून्य गुण देतो.