इमोजीन खिंड: जीपने ओलांडायची असेल तर

कोलोरॅडोतल्या युरेहून टेल्युराइडला जाणारी इमोजीन खिंड १३,११४ फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. अंतर जेमतेम १७ मैल, पण तीन तास हाताशी ठेवा. खाणींसाठी पाडलेली ही वाट अनकम्पाग्रे राष्ट्रीय वनातून जाते आणि जीप, एटीव्ही (कच्च्या वाटेवरची छोटी उघडी गाडी), सायकलवाले, पायी चालणारे सगळे तिच्यावरच असतात.

रस्ता साधारण जूनअखेरीस किंवा जुलैत उघडतो. निघण्याआधी वनखात्याचा मोटार-वाहन नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. वर नेटवर्कचा भरवसा नाही. जी वाट त्या नकाशात नाही, ती गाडीला बंद. विमानतळावर भाड्याने घेतलेली साधी एसयूव्ही इथे आणू नका. तिला लो-रेंज (वेग कमी, जोर जास्त देणारी गिअरची जोडणी) नसते आणि भाडेकरारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते. युरेत जीप भाड्याने मिळते.

सकाळी सातच्या आत निघा. एकतर दुपारी विजा कोसळतात आणि माथ्यावर आडोसा नाही. दुसरं म्हणजे रात्रीच्या गारठ्याने बर्फ कमी वितळतो, म्हणून ओढ्यांना सकाळी पाणी कमी असतं. पाणी चाकाच्या मध्याच्या वर दिसलं तर मागे फिरा.

कच्चा रस्ता लागला की टायरची हवा ३५ वरून २० पीएसआयवर आणा. टायर पसरतो, दगडाला धरतो, हादरे कमी बसतात. उंचीवर विरळ हवेमुळे टर्बो नसलेलं इंजिन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद गमावतं, म्हणून चढ फोर-लोमध्येच, म्हणजे चारही चाकांना लो-रेंजचा जोर देऊन, घ्या. मोठा दगड दोन चाकांच्या मधे घेऊ नका. डिफरन्शियल (दोन चाकांमधल्या आसावरचा गिअरचा गोळा) खाली लोंबतं, ते आपटतं. चाक सरळ दगडावर चढवा. अंगठे स्टीअरिंगच्या आत अडकवू नका, झटका बसला तर दुखावतात.

समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला आधी वाट. मात्र ज्याच्या मागे जागा जवळ आहे त्याने मागे घेणं केव्हाही शहाणपणाचं. सायकलस्वार किंवा पायी माणूस दिसला की थांबा. घोडा असेल तर इंजिनही बंद करा.

बहुतेकांची खरी चूक टेल्युराइडकडच्या उतारावर होते. पाय सतत ब्रेकवर, मग करपल्याचा वास, मग पेडल मऊ पडत खाली जातं. ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. अशा वेळी सपाट जागी थांबा, चाकांना दगड लावा, अर्धा तास थंड होऊ द्या. पाणी अजिबात ओतू नका, डिस्क वाकते. उतार फोर-लो, पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरा. ब्रेक थोडा दाबायचा, सोडायचा.

वाटेत टॉमबॉय खाणवस्तीचे अवशेष लागतात. जरूर उतरा, पण खाणीच्या तोंडात शिरू नका, आणि गाडी गवतावर घालू नका. या उंचीवर चाकोरी भरून यायला कित्येक दशकं जातात.

स्टेपनी, जॅक, पाना आणि हवेचा छोटा पंप सोबत हवाच. खाली डांबरी लागण्याआधी हवा पुन्हा ३५ करा, नाहीतर वेगात टायर तापून फुटतो.