कंप्युटर सुरू होताच मॅक ॲड्रेस आपोआप कसा बदलावा

नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॅफेत एकदा ओटीपी टाकून वाय-फाय घेतलं, की पुढच्या खेपेला बहुधा न विचारताच नेट सुरू होतं. तिथल्या यंत्रणेने तुमच्या लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस टिपून ठेवलेला असतो. हा बारा अंक-अक्षरांचा पत्ता नेटवर्क कार्डात कारखान्यातूनच भरून येतो. ही ओळख टिकू द्यायची नसेल तर तो पुसायचा नाही, त्यावर दुसरा चढवायचा, आणि तेही सिस्टिमकडूनच करून घ्यायचं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय उघडा आणि 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' चालू करा. प्रत्येक वाय-फायला वेगळा पत्ता मिळेल. रोज नवा हवा असेल तर 'मॅनेज नोन नेटवर्क्स'मध्ये त्या नेटवर्कवर जाऊन 'चेंज डेली' निवडा. पर्याय दिसतच नसेल तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ही सोय देत नाही.

केबलचं कार्ड असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीज, तिथे ॲडव्हान्स्ड टॅब, त्यात 'नेटवर्क ॲड्रेस'. मधे रेघा किंवा टिंबं न देता बारा चिन्हं सलग लिहा. दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई ठेवा. स्वतः ठरवलेल्या पत्त्यांसाठी हीच जागा राखीव आहे आणि काही ड्रायव्हर दुसरं काही घेतच नाहीत. हा पत्ता दर वेळी बदलत नाही, पण प्रत्येक स्टार्टअपला ड्रायव्हर तोच उचलतो.

लिनक्स मिंट किंवा उबुंटूत काम जास्त सुटसुटीत. कनेक्शन एडिट करताना 'क्लोन्ड मॅक ॲड्रेस'समोर 'रँडम' किंवा 'स्टेबल' निवडा. रँडमने प्रत्येक जोडणीला नवा पत्ता, स्टेबलने त्या जोडणीपुरता कायमचा एकच.

माझं मत विचाराल तर घरी रँडम नकोच. राउटरमध्ये मॅक फिल्टर (ठरावीक मॅक ॲड्रेसनाच नेट देणारी सोय) असेल, किंवा सिडको-पंचवटीतल्या तुमच्या केबलवाल्याने नेट एका मॅकशी बांधलं असेल, तर सकाळी नेट बंद आणि फोनाफोनी सुरू. ऑफिस-कॉलेजच्या नेटवर्कवर आधी तिथल्या ॲडमिनला विचारा. आणि वेबसाइटपासून लपायला हा उपाय नाही, मॅक राउटरच्या पलीकडे जातच नाही.

बदल झाला का ते विंडोजच्या 'हार्डवेअर प्रॉपर्टीज'मध्ये 'फिजिकल ॲड्रेस'समोर दिसेल. मूळ पत्ता परत हवा असेल तर विंडोजच्या केबल कार्डात 'नॉट प्रेझेंट', लिनक्समध्ये 'पर्मनंट'.