सॉफ्ट कोरलची पहिली टाकी: ठाण्याच्या उकाड्यातून काही सूचना

"सॉफ्ट कोरल घ्या, एकदम सोपं, मरत नाही," असं दुकानदार सांगतो. निम्मं खरं आहे. दुकानात सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ, म्हणून मिळणाऱ्या लेदर, झेनिया, मशरूम, झोआ यांना कडक प्रवाळांसारखा चुन्याचा सांगाडा रचायचा नसतो, त्यामुळे रोजच्या डोसिंगची, म्हणजे पाण्यात कॅल्शियमसारखी द्रव्यं मोजून घालण्याची, कटकट वाचते. पाण्यात थोडं नायट्रेट असलं तरी चालतं, उलट आवडतंच. त्यांना सोसत नाहीत ते चढउतार. मी ठाण्यात बरीच वर्षं रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, सांभाळतोय. नव्या मंडळींच्या टाक्या बघायला गेलो की बहुतेक ठिकाणी कोरल रुसलेलं असतं ते मालकाच्या हाताला सतत काहीतरी बदलायची खाज सुटल्यामुळे.

खरेदीआधी कायदा बघा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे कडक प्रवाळ आहेत. कोस्टल रोडच्या कामात वरळी-हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ हलवायलाही त्याच कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली होती. नवखा माणूस फसतो तो दुसऱ्याच ठिकाणी. समुद्रपंखा, म्हणजे गॉर्गोनियन, आणि लाल नळ्यांचं ऑर्गन पाइप कोरल दुकानात 'सॉफ्ट'च्या रांगेत दिसलं तरी तेही त्या यादीत आहे. माल कुठून आला ते विचारा, बिल घ्या, आणि मालवणहून येताना पिशवीत दगड आणू नका.

आता पाणी. स्वयंपाकघरातला आरओ इथे कामाचा नाही. त्यात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावायचं आणि टीडीएस मीटरवर शून्य आलं तरच ते पाणी वापरायचं. समुद्राचं पाणी भरून आणू का, असं दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतं. मुंबईच्या किनाऱ्यावर सांडपाणी मिसळतं, आणि पावसात खारटपणाही उतरतो. सिंथेटिक मीठच आणा. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारटपणाचं माप, १.०२५ ठेवा, ते रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने मोजा, आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने अधूनमधून जुळवून घ्या.

बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची तूट भरायची ती गोड्या आरओ-डीआय पाण्याने. पातळी घटली म्हणून खारं पाणी ओतत राहिलात तर महिन्याभरात खारटपणा कुठच्या कुठे जातो. सम्पवर, म्हणजे टाकीखालच्या गाळणीच्या टाकीवर, मार्करने रेघ मारा, किंवा सरळ तूट आपोआप भरणारं ऑटो टॉप-ऑफ बसवा. माझ्या मते भारी दिव्याआधी यावर पैसे घालावेत.

उन्हाळा हा आपल्याकडचा खरा शत्रू. पाणी २५-२६ अंशांवर असावं. ३०च्या वर ते दिवसच्या दिवस राहिलं, तर कोरल आपल्या अंगातल्या, त्याला अन्न पुरवणाऱ्या शैवालपेशी बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन अंश सहज उतरतात. ठाणे-मुंबईच्या दमट मे महिन्यात तोच पंखा नुसता फिरतो, कारण हवेतच इतकी वाफ असते की पाणी उडत नाही. इथे पाणी थंड करणारा चिलर, नाहीतर त्या खोलीत एसी. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, घ्या, दिवे नकोत. एक दिवस अंधार कोरलला चालतो, पण साचलेल्या कोमट पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो.

प्रकाशाचं लोक उगाच मोठं करतात. निळसर एलईडी, दिवसाला आठ-नऊ तास, सुरुवात कमी ताकदीवर. मशरूम खाली सावलीकडे, लेदर मध्यावर.

लेदरचं वागणं मात्र नीट समजून घ्या, कारण नवशिके सर्वात जास्त घाबरतात ते इथे. छत्रीसारखं फुललेलं सार्कोफायटन जातीचं लेदर एके दिवशी पॉलिप, म्हणजे अंगावरची फुलांसारखी तोंडं, आत ओढतं. वरचा भाग गुळगुळीत होतो, मग मेणचट चकाकतो, कडेला तपकिरी शेवाळ धरतं. आठवडाभर, कधी त्याहून जास्त, ते तसंच राहतं. मेलं म्हणून फेकून देणारे मी पाहिलेत. ते कात टाकत असतं. वेव्हमेकरचा झोत तिरपा त्याच्या अंगावरून जाईल असा वळवा, साय सुटून जाते आणि खाली नवी, फिकट कातडी दिसते. मेलेलं लेदर वेगळं ओळखू येतं: बुंधा काळा पडून लिबलिबीत होतो आणि घाण वास येतो. तेवढा भाग धारदार ब्लेडने, निरोगी मांस लागेपर्यंत कापून टाका.

नायट्रेट शून्यावर आणायच्या नादी लागू नका. ५ ते १५ पीपीएम (दशलक्षात इतके भाग) नायट्रेट आणि जेमतेम मोजता येईल इतकं फॉस्फेट असू द्या. अगदी धुतलेल्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर येतो, आणि तो घालवताना जीव मेटाकुटीला येतो.

ही मंडळी दिसतात गरीब, पण भांडतात रसायनांनी. लेदर आणि त्याचाच भाऊबंद सिन्युलारिया पाण्यात टर्पीनसारखी विषारी द्रव्यं सोडतात, त्याने शेजारी खुरटतात. म्हणून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची (तो ही द्रव्यं शोषतो) पिशवी सम्पमध्ये कायम ठेवा, महिन्याने बदला. जीएसपी, ते हिरव्या ताऱ्यांचं गवत, मुख्य खडकावर चिकटवलंत तर वर्षभरात खडक त्याचाच. त्याला वाळूत सुटा दगड द्या. झेनियाचंही तेच. तिची ती सतत उघडमीट शोभेची नसते: इस्रायलजवळच्या एलातच्या खाडीतल्या तिच्या भाऊबंदांवर झालेल्या २०१३च्या अभ्यासात दिसलं की त्या हालचालीने साचलेला ऑक्सिजन झटकला जातो आणि प्रकाशसंश्लेषण वाढतं.

एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. झोआ आणि विशेषतः त्यांच्या नात्यातला पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांनी भरलेला दगड 'साफ करायला' कधीही उकळू नका, कोरडा घासू नका. त्या वाफेने घरातली सगळी माणसं एकदम दवाखान्यात पोचल्याची उदाहरणं आहेत.

लेदर वाढून शेजाऱ्यांवर सावली धरू लागलं की छत्रीची कड कापा. चिकट अंगावर सुपरग्लू टिकत नाही. तुकडा दगडांच्या बारीक खड्यांवर ठेवून वर जाळीचं कापड ताणा, प्रवाह मंद ठेवा, दोन-तीन आठवड्यांत तो स्वतःच खडा धरतो. पहिले तुकडे विकू नका, जवळच्याच एखाद्या हौशी माणसाला द्या. पुढेमागे तुमची टाकी कोलमडली तर त्याच्याकडून परत मागता येतात.