टेन्शनर सैल असताना घेतलेले माप

गाडी कंपनीतून आली तशीच असेल, तर इंजिनावरच्या बेल्टचा नंबर शोधण्यात काही पराक्रम नाही. तो जुन्या बेल्टच्या पाठीवर छापलेला असतो, आणि पुसला गेला असेल तर दुकानदार मॉडेल विचारून दोन मिनिटांत नवा बेल्ट काढून देतो. पण कोणी जुन्या जीपला एसी बसवून मागतो, कोणाला जास्त अँपिअरचा अल्टरनेटर हवा असतो, कोणी पॉवर स्टिअरिंगचा पंप पोत्यात गुंडाळून आणतो. पुल्यांच्या जागा बदलल्या की कॅटलॉग तिथेच संपतो आणि माप आपल्यालाच काढावे लागते. जळगावच्या अजिंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजात मी हाताखाली काम करत होतो, तेव्हा या मापात दोनदा फसलो. पहिली चूक सांगताना मला अजूनही कानकोंडे वाटते.

हे लेखन फक्त अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या बाहेरच्या बेल्टविषयी आहे. टायमिंग बेल्ट ही वेगळी वस्तू आहे. तिथे दात मोजावे लागतात आणि तिथे अंदाजाला अजिबात जागा नाही. तसेच मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या, गाडीतल्या फेरबदलांविषयीच्या कलम ५२ ची मर्यादा लक्षात ठेवावी. अख्खे इंजिन बदलून मागणाऱ्या ग्राहकाला आधी आरटीओकडे पाठवावे आणि पान्याला हात नंतर लावावा.

नंबर वाचता येतो असे गृहीत धरतो, तरी एक गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडची बरीच मुले मोटरपंप आणि पिठाच्या गिरणीवर हात बसवून गॅरेजात येतात. तिथल्या ए-४२ पट्ट्यात ४२ म्हणजे आतल्या बाजूची लांबी इंचांत, म्हणजे सुमारे १०६७ मिलिमीटर. हा पट्टा ८ मिलिमीटर जाड असल्यामुळे त्याची बाहेरची लांबी आतल्यापेक्षा तब्बल ५० मिलिमीटरने जास्त भरते. गाडीच्या ६पीके१७७५ मध्ये मात्र ६ म्हणजे उभ्या धारांची संख्या, पीके म्हणजे धारांमधले ३.५६ मिलिमीटर अंतर, आणि १७७५ ही मिलिमीटरमधली प्रभावी (इफेक्टिव्ह) लांबी. ती ढोबळमानाने पुलीच्या बाहेरच्या काठावरून मोजल्यासारखी असते. म्हणून सुतळी खाचांच्या तळाशी बसवून माप घेतले तर ते आखूड येते. साध्या वेटोळ्यात १ मिलिमीटर खोलीची चूक म्हणजे लांबीत सव्वासहा मिलिमीटरची चूक. शिवाय सुतळी ताणली जाते ते वेगळेच. नानांनी, म्हणजे आमच्या मिस्त्रींनी, मला पहिल्याच आठवड्यात सुतळी टाकायला लावली होती. त्याच जातीचा जुना बेल्ट कापायचा, ती पट्टी सगळ्या पुल्यांवरून खऱ्या मार्गाने फिरवायची, टोके एकमेकांवर येतील तिथे खडूने खूण करायची आणि पट्टी जमिनीवर सरळ करून मोजायची. यापेक्षा चांगली पद्धत मला आजवर सापडलेली नाही.

मी फसलो तो ही पद्धत नीट पाळूनच, आणि नवख्याने इथे थांबून वाचावे असे मला वाटते. चोपड्याच्या एका आबांच्या जीपला आम्ही एसी बसवत होतो. कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट तयार झाला, नवी आयडलर पुली, म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणारी मोकळी पुली, लागली आणि मी पट्टी फिरवून माप घेतले. ते १८१० आले. तीनदा मोजले, तीनदा तेच आले. ६पीके१८१० आणला आणि तो हाताने, टेन्शनरला (बेल्ट ताणून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पुलीला) पाना न लावता, अलगद चढला. मला त्याचा अभिमान वाटला. वास्तविक घाम फुटायला हवा होता.

स्प्रिंगचा टेन्शनर मोकळा असतो तेव्हा तो आपल्या हालचालीच्या एका टोकाला जाऊन अडलेला असतो, आणि त्या जागी बेल्टचा मार्ग सर्वांत लांब असतो. मी माप घेतले ते नेमके त्या स्थितीत. माप अचूक होते, पण ते ज्या जागेचे होते तिथे बेल्टने कधीच असू नये. त्या लांबीचा बेल्ट घातल्यावर टेन्शनर तिथेच उभा राहतो. स्प्रिंगचा जोर त्याच्या स्वतःच्या अटकावावर खर्च होतो आणि बेल्टला ताण जवळजवळ मिळतच नाही. रिकाम्या गाडीत, सकाळच्या गारव्यात हे समजत नाही, कारण अल्टरनेटर आणि पंप फिरवायला तेवढी पकड पुरते. एसीचा क्लच पकडला की एकदम भार येतो, बेल्ट घसरतो, तापतो, आणखी ढिला होतो.

मे महिना होता. आबा कुटुंबासह संभाजीनगरकडे निघाले होते आणि चाळीसगाव सोडून कन्नड घाटाच्या चढाला लागताच बेल्ट निसटला. आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, मग स्टिअरिंग जड झाले, मग तापमानाचा काटा वर चढू लागला, कारण पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर होता. आबांनी गाडी वेळेत बाजूला घेऊन इंजिन बंद केले म्हणून हेड वाचले. फोनवर ते मला एवढेच म्हणाले, “भाऊ, पोरं उन्हात उभी आहेत.” त्यापेक्षा शिवी परवडली असती.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो, आणि ही चूकही बहुतेक जण करतात. ढिला होता ना, मग आता घट्ट घालू, म्हणून ६पीके१७५५ पहारीने रेटून चढवला. टेन्शनर विरुद्ध टोकाला जाऊन टेकला. तिथे तर स्प्रिंग उरतच नाही. टेन्शनर म्हणजे नुसता खिळा होतो. इंजिन तापून फुगले की तो सगळा ताण बेअरिंगवर येतो. काही दिवसांतच अल्टरनेटरचे बेअरिंग घरघरू लागले आणि त्याचे पैसे माझ्या पगारातून गेले. ते योग्यच होते असे मला आज वाटते, तेव्हा वाटले नव्हते.

मग नानांनी गाडीजवळ बसवून दोन मापे घ्यायला लावली: एक टेन्शनर पूर्ण मोकळा असताना, एक तो पान्याने पूर्ण ओढून धरलेला असताना. पहिले १८१२ आले, दुसरे १७५२. म्हणजे ६० मिलिमीटरची खिडकी आणि तिचा मध्य १७८२. बेल्ट या मध्याच्या किंचित आखूड बाजूला घ्यावा, कारण चालून चालून तो थोडा लांबतो आणि धारा झिजल्या की खाचेत खोल बसतो, म्हणजे दिवसेंदिवस तो मोकळ्या टोकाकडेच सरकत जाणार असतो. आम्ही १७७५ घेतला. काम एवढेच होते. नवख्यांनो, एका मापाने बेल्ट आणू नका. दुसरे माप घेण्याचा कंटाळा असेल तर हे काम अंगावर घेऊ नका.

ही खिडकी किती मोठी हे टेन्शनरच्या जागेवर ठरते. बेल्ट त्याच्या पुलीला अर्धा वळसा घालत असेल, तर ती पुली १० मिलिमीटर सरकल्यावर मार्ग २० मिलिमीटरने बदलतो. वळसा ६० अंशांचाच असेल तर बदल जेमतेम १० मिलिमीटरचा. म्हणून स्वतःचा ब्रॅकेट करताना टेन्शनरला भरपूर वळसा मिळेल अशी जागा द्यावी. खिडकी अरुंद असेल तर बाजारात मिळणाऱ्या लांबीतून योग्य बेल्ट निवडणे अशक्य होऊन बसते. टेन्शनर भंगारातून आणू नये, हे माझे ठाम मत आहे. बाकी कितीतरी वस्तू मी भंगारातून आणल्या आहेत, पण थकलेली स्प्रिंग डोळ्यांना दिसत नाही.

पुली बदलण्याची हौस असलेल्यांसाठी थोडा हिशोब. दोन पुल्यांच्या साध्या मांडणीत लांबी म्हणजे मध्यांतराची (पुल्यांच्या केंद्रांमधल्या अंतराची) दुप्पट, अधिक दोन्ही व्यासांच्या बेरजेची १.५७ पट, अधिक व्यासांतील फरकाचा वर्ग भागिले मध्यांतराची चौपट. मध्यांतर ३००, क्रँक पुली (इंजिनाची, बेल्टला फिरवणारी) १५० आणि अल्टरनेटरची ६० मिलिमीटर असेल तर लांबी सुमारे ९३७ येते. क्रँक पुली १३० ची केली तर सुमारे ९०३. पिकअप वाढावा म्हणून अशी लहान क्रँक पुली लावणारे भेटतात. त्यांना मी एवढेच विचारतो की ८०० आरपीएमच्या आयडलला २००० ने फिरणारा अल्टरनेटर आता सुमारे १७३० ने फिरेल आणि पाण्याचा पंपही त्याच प्रमाणात मंदावेल, तर भुसावळच्या ४५ अंशांत, फाटकाशी एसी लावून उभे राहिल्यावर काय होईल? शिवाय मूळ क्रँक पुलीत बहुधा कंपने शोषणारे रबर असते. ते काढून हलकी ॲल्युमिनियमची पुली लावणे हा इंजिनाच्या आयुष्याशी केलेला सौदा आहे.

लांबी बरोबर असूनही आवाज आला तर घाबरून पुन्हा नंबर बदलू नये. बाही आणि हात दूर ठेवून, चालत्या बेल्टच्या धारांच्या बाजूवर बाटलीने थोडे पाणी शिंपडावे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर बेल्ट घसरतो आहे, म्हणजे ताण कमी आहे. रेषा पाहायला पोलादी पट्टी पुल्यांच्या तोंडाला लावावी. १०० मिलिमीटर अंतरात पावणेदोन मिलिमीटर फरक दिसला तर तो एक अंशाचा तिरपेपणा आहे, आणि ब्रॅकेटखाली वायसर देऊन तो काढावाच लागतो. साबण, मेण, स्प्रे यांनी आवाज बंद करणाऱ्या मिस्त्रींकडून बाकी काहीही शिकावे, हे शिकू नये.

जो मिस्त्री विचारताच नंबर सांगून मोकळा होतो, त्याच्याकडे काम लवकर उरकते, पण हात तयार होत नाही. नाना कधी नंबर सांगत नसत. “नंबर माले काय इचारस, पुलीले इचार,” असे ते अहिराणीत म्हणत आणि चहाला निघून जात. त्याचा मला तेव्हा संताप येई. तुमचाही एखादा बेल्ट चुकेल. चढवून काढलेला नवा बेल्ट परत घ्यायला दुकानदार तयार होणार नाही, पण इंजिनातल्या चुकांच्या मानाने ही चूक स्वस्त आहे, आणि पोलादी पट्टी व खडू असला तर ती गॅरेजातच पकडता येते. बेल्ट चढवल्यावर टेन्शनरच्या भुजेवर आणि ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची एकच आडवी रेघ ओढावी आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर ग्राहकाला परत बोलवावे. आबांच्या जीपवर ती रेघ तेवढ्या अंतरात दोन मिलिमीटर सरकली होती, मोकळ्या बाजूला.