आतड्यातल्या शिरांचा दाह: पुरावा मेसेंटरीत असतो

बायोप्सीत ‘इस्केमिक बदल’ (रक्तपुरवठा कमी पडल्याच्या खुणा), सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या सीटीत) मोकळ्या धमन्या आणि क्रोन्स (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह) समजून दिलेल्या स्टिरॉइडने उतार नाही: हे तिन्ही जुळले की शिरांची शंका घ्या. एन्टरोकॉलिक लिम्फोसायटिक फ्लेबायटिसमध्ये आतड्याच्या भिंतीतल्या आणि मेसेंटरीतल्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या चरबीच्या पडद्यातल्या) शिरा सुजतात, धमन्या वाचतात. रक्त आत येतं पण परत जात नाही. मग भिंत फुगते, व्रण पडतात, कधी आतडं काळं पडतं.

आपल्याकडे आधी क्षयरोग वगळायला हवा. बायोप्सीचे काही तुकडे सलाइनमध्ये, कल्चर आणि जीनएक्सपर्टसाठी (क्षयरोगाची जनुकीय चाचणी), वेगळे ठेवा. सगळेच फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) गेले तर कल्चर हातचं जातं. सीएमव्ही या विषाणूचा इम्युनोस्टेन (प्रतिपिंडांनी रंगवून घेतलेला शोध) आणि शौचातलं सी. डिफिसाइल या जिवाणूचं टॉक्सिनही पाहा. तोंडात किंवा जननेंद्रियावर वारंवार व्रण येत असतील तर बेहसेटची (रक्तवाहिन्यांचा दाह करणारा आजार) शंका घ्या. रुटोसाइडच्या (शिरांच्या त्रासावरचं औषध) गोळ्या चालू आहेत का, हे आवर्जून विचारा. सीटीत धमनी आणि पोर्टल शिरा (आतड्याचं रक्त यकृताकडे नेणारी) असे दोन्ही टप्पे मागा. शिरांच्या रेषेत कॅल्शियम दिसलं तर तो मेसेंटेरिक फ्लेबोस्क्लेरोसिस (शिरा कडक होणं), वेगळा आजार.

कोलोनोस्कोपीच्या चिमट्यात अस्तर आणि फार तर त्याखालचा थोडा थर येतो. म्हणून बायोप्सीत शिरा दिसल्या नाहीत यावरून काहीच ठरत नाही. खात्री होते ती बहुधा कापून काढलेल्या आतड्यावरच. सर्जननं मेसेंटरीची चरबी सोलून फेकू नये, आतड्यासोबतच पाठवावी. पोट लाकडासारखं कडक झालं किंवा रक्तातलं लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) चढत असेल तर निदानासाठी ऑपरेशन अडवू नका.

पॅथॉलॉजीत सगळ्यात मोठी चूक इथे होते: व्रणाखालची शीर कुठल्याही आजारात सुजलेली दिसते. काप व्रणापासून दूर, मेसेंटरीतून आणि कापलेल्या दोन्ही टोकांकडून घ्या. इलास्टिक स्टेनवर (रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले लवचिक तंतू दाखवणारा रंग) धमनी आणि तिच्या शेजारची शीर अशी जोडी शोधा. शिरेच्या भिंतीत लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), कधी आत गुठळी, आणि धमनी स्वच्छ, हे चित्र हवं. धमनीही सुजलेली असेल तर सर्वांगीण व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) शोधा. सूज नाही, पण शिरेचं आतलं अस्तर स्नायुपेशींनी जाड झालंय, तर ते मायोइन्टायमल हायपरप्लासिया, बहुतेक रेक्टोसिग्मॉइडमध्ये (गुदाशय आणि त्याच्या आधीच्या मोठ्या आतड्याच्या भागात).

रोगट भाग काढल्यावर आजार सहसा परतत नाही, त्यामुळे इम्युनोसप्रेसंट (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) आपोआप पुढे चालू ठेवू नका. नमुना पाठवताना फॉर्मवर स्पष्ट लिहा: ‘शिरांचा दाह? मेसेंटरीचे काप आणि इलास्टिक स्टेन करावा.’