बंदराच्या जनसुनावणीला जाताय? मग हे बघून जा

उरण असो की डहाणू, मोठं बंदर म्हटलं की अर्धा गाव आधीच तापलेला असतो, पण मंडपात नुसतं ओरडून काही होत नाही, मी स्वतः एकदा घसा बसेपर्यंत बोललो आणि इतिवृत्तात माझी आली एक ओळ.

तर २००६ च्या ईआयए (म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. तेवढ्यात कलेक्टर ऑफिस नाहीतर जिल्हा परिषदेत जाऊन या अभ्यासाचा अहवाल बघा, सारांश मराठीतपण असतो, पण खरी गंमत मोठ्या अहवालात असते म्हणून तोच मागा.

मग प्रश्न काढा, मोघम नको. ड्रेजिंगचा, म्हणजे समुद्राचा तळ उपसून काढलेला गाळ नेमका कुठे टाकणार, नकाशावर दाखवा, आणि तिथे आमची डोल (मासेमारीचं जाळं) लागते त्याचं काय? हा एकच प्रश्न नीट लावून धरला तरी पुरे, कारण गाळाने पाणी गढूळ झालं की मासळी जागा सोडते. दुसरं, जहाज धक्क्याला लागल्यावरही विजेसाठी त्याची इंजिनं चालूच राहतात, तर किनाऱ्यावरून वीज देणार का, कधीपासून? कंटेनर किती रेल्वेने, किती ट्रेलरने?

सगळं लेखी द्या, पोचपावती घ्या. सुनावणीचं व्हिडिओ शूटिंग होतंच, आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं, तोवर जेवायला पळू नका, माझं तिथेच चुकलं.